वल्ह्याचा ठोका

"उजवा पाय पुढे कर बघू. घट्ट होतंय? नाही ना? मग झालं. आता हा दिवा बघ. हिरवा झाला की तू समुद्राची राणी."

सहा वर्षांच्या ईराने पायातल्या कड्याकडे डोळे मोठे करून पाहिलं. करड्या रबराचं, बोटभर रुंद कडं. मधोमध मुगाच्या दाण्याएवढा दिवा. तो दोनदा लुकलुकला आणि हिरवा झाला.

"लाल झाला तर?" ईराने विचारलं.

"होतच नाही," दीक्षिता कुबल हसून म्हणाली आणि गुडघ्यांची वाळू झटकत उठली.

ईराची आई शलाका शेटे अजून दोन्ही हात छातीशी बांधून उभी होती. कालच सांगलीहून आलेली. "मॅडम, अगदी खरं सांगा हं. आमच्याकडे सगळ्यांनी वेड्यात काढलंय. म्हणे शार्क येतात तिथे पोरीला घेऊन कशाला मरायला जाताय?"

दीक्षिताला हा प्रश्न दिवसातून पन्नास वेळा यायचा, पण ती कंटाळायची नाही. कड्यावर तिचा विश्वास होता, आणि विश्वास असलेल्या गोष्टीबद्दल बोलायला माणसाला आवडतंच.

"शार्कच्या मुस्कटावर सुईच्या टोकाएवढी शेकडो भोकं असतात, जेलीने भरलेली," तिने सांगितलं. "आपण स्नायू हलवला की त्यातून अगदी बारीक वीज निघते. ती त्याला त्या भोकांमधून कळते. अंधारातही. हे कडं पाण्यात गेलं की तीच वीज जरा मोठ्याने सोडतं. तुमच्या डोळ्यांवर कुणी बॅटरी मारली तर तुम्ही तोंड फिरवाल ना? तसंच. तो वळतो आणि निघून जातो. तीन हंगाम झाले, या पुळणीवर एकाही माणसाला ओरखडा नाही."

शलाकाने हात सोडले. ईरा आधीच लाटेत पोहोचली होती.

थोरल्या पुळणीवर नाताळच्या सुट्टीची गर्दी होती. एकेकाळी इथल्या पाहुण्याची शार्कशी ओळख व्हायची ती फक्त ताटात, मोरी मसाला म्हणून. मोरी म्हणजे इथल्या बोलीत शार्क. ती लहान, गरीब जात. पण समुद्राचं पाणी तापत गेलं, मासे काठाकडे सरकले आणि त्यांच्यामागून बोथट तोंडाची, जाड मानेची दुसरीच जात आली. कोळ्यांनी तिला बैलमोरी हे नाव दिलं. दोन हिवाळ्यांत सात माणसांवर हल्ले झाले. खानावळींच्या चुली थंडावल्या आणि लॉजवाले गाद्या गुंडाळून मुंबईला नोकऱ्या शोधायला गेले.

त्या दिवसांत दीक्षिताचे वडील जनार्दन कुबल, गावच्या कोळ्यांचे म्होरके म्हणून सगळ्यांचे जनार्दन तांडेल, यांनी पुळणीवर एक फळी उभारली होती. तैलरंगाने, स्वतःच्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलेली. एकट्याने उतरू नये. तिन्हीसांजेला उतरू नये. अंगातून रक्त येत असेल तर काठावर बसावे. चमकणारे दागिने काढून ठेवावेत. रापण चालू असेल तिथे पोहू नये. आणि सगळ्यात खाली, थेट मालवणीत: समुद्राक विचारून उतरा.

मग नीलांतर कंपनी कडं घेऊन आली आणि पहिलं काम तिने केलं ते फळी काढायचं. सुट्टीवर आलेल्या माणसाला कशाला भेडसावायचं? जनार्दन तांडेल फळी खांद्यावर टाकून घरी घेऊन गेले. तेव्हापासून ती त्यांच्या खोपीत पालथी पडून होती, तिच्यावर ओली जाळी वाळत. आणि फळी काढायचा कागद घेऊन खोपीत कोण गेलं होतं? कंपनीत नोकरीला लागलेली दीक्षिताच.

साडेदहाच्या सुमारास तिचा फोन वाजला. बाबा सहसा फोन करत नसत.

"धाकट्या पुळणीर ये. आत्ताच्या आत्ता," ते म्हणाले. "सुगंधाक मोरयेन धरल्यान."

थोरली आणि धाकटी पुळण यांच्यामध्ये काळ्या कातळाचा एक डोंगर समुद्रात उतरतो. वळसा घालून रस्ता आहे, पण दीक्षिता सरळ कातळावरून धावली. धाकटी पुळण पाहुण्यांची नव्हे, रापणीची. रापण म्हणजे काठावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडीतून ते अर्धगोल टाकायचं, दोन्ही टोकांचे दोर काठावर आणायचे आणि गावातल्या बायाबापड्यांसकट चाळीस जणांनी ओढायचं. जाळं जवळ येऊ लागलं की आतले मासे बिथरतात आणि मोकळ्या बाजूने निसटायला बघतात. तेव्हा तांडेल छातीभर पाण्यात उभा राहून वल्ह्याच्या पात्याने पाण्यावर ठोके मारतो. त्या धपधपीने मासे मागे, जाळ्याच्या खोळीत जातात. कुबलांच्या घरात हा ठोका चार पिढ्या चालत आलेला.

ती पोहोचली तेव्हा जाळं अर्धवट ओढलेलं, लाटांत तसंच पडलं होतं. सुगंधाकाकीला गाडीत घालून नेलं होतं. दीक्षिता चौथीत असताना आई गेली, तेव्हापासून तिची वेणी घातली ती या काकीने. वाळूवर एक मोठा काळसर डाग होता आणि त्याच्याशेजारी कडं पडलं होतं. दोन महिन्यांपूर्वी दीक्षिताने स्वतः काकीच्या पायात घातलेलं. रबर दातांनी चिरलेलं.

दिवा मात्र हिरवाच होता. एकसारखा लुकलुकत होता.

"पोटरी गेली," जनार्दन तांडेल मागून म्हणाले. पासष्टीचा माणूस, नखशिखांत ओला. हातातलं वल्हं अजून सुटलं नव्हतं. "जाळ्यात मोरी नव्हती. मासोपण नव्हतो धड. मी ठोके मारूक घेतलंय, आणि त्यो इल्यो. तीन. सरळ ठोक्यार."

"रगताचो वास..."

"खयचा रगत? कोणाक काय लागलेला नव्हता." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "महिनो झालो, मी बघतंय. आदी मोऱ्यो जाळ्यातल्या माशासाठी येयत, भायरसून फिरत. आता माशाक इचारत नाय. दोन ठोके मारले की हजर. कुत्र्याक भाकरी दाखवल्यासारख्यो."

वाळूतलं कडं उचलून दीक्षिताने मुठीत घेतलं.

"गो बाय," तांडेल हळू आवाजात म्हणाले, "चार वर्सांमागे तू माझो ठोको न्हेलंस. त्या यंत्रात. त्येचा काय केलंस?"

तो दिवस तिला लख्ख आठवत होता. डॉक्टरेटचं काम चालू होतं. तिने पाण्यात जलकर्ण सोडला होता, म्हणजे पाण्याखालचा आवाज टिपणारं यंत्र, आणि बाबांना सांगितलं होतं, मारा ठोके, जसे रोज मारता तसे. रापणीची बाकीची माणसं नाराज होती. आपला आवाज परक्यांना कशाला? तांडेलांनी सगळ्यांना गप्प केलं होतं. माझं चेडू मागतंय, परकं कोण? मग तिने संमतिपत्र पुढे केलं. त्यावर लिहिलं होतं, आवाजाचा वापर सागरी सुरक्षेसाठी होईल. तांडेलांना वाचता येत होतं, पण चष्मा घरी होता. सही करा, बाबा, मी आसंय मा, ती म्हणाली होती.

"तो आवाज यंत्राला शिकवण्यासाठी होता," ती आता म्हणाली. बोली सुटून ती प्रमाण भाषेत बोलू लागली होती, आणि तिचं तिलाच ते खटकलं. "म्हणजे, रापण चालू असली की किनाऱ्यावरच्या यंत्रांनी उगाच धोक्याची सूचना देऊ नये म्हणून. आगाशे सरांनी तसंच सांगितलं होतं."

तांडेलांनी समुद्राकडे बोट केलं. धाकट्या पुळणीपासून दोनेकशे वाव, म्हणजे साडेतीनशे मीटर, आत पिवळे बोये, नांगरून ठेवलेले पोकळ तरंगे, दिसत होते. दोन वर्षांपूर्वी कंपनीने टाकलेले. पाण्याचं तापमान मोजणारे.

"थय जाव या," ते म्हणाले. "बस होडयेत."

होडी बोयापासून थोडी दूर असतानाच तांडेलांनी वल्हवणं थांबवलं. त्यांनी वल्ह्याचं पातं पाण्यात खोल सोडलं आणि मूठ कानाला लावली. ढोमे मासे कुठे करकरताहेत, थवा कोणत्या बाजूला चाललाय, हे ते असंच ऐकत आले होते. लाकडातून पाण्यातला आवाज सरळ कानात येतो. लहानपणी दीक्षिताला याचीच सगळ्यात मोठी गंमत वाटायची. तिच्या संशोधनाची सुरुवातही, खरं म्हणजे, तिथेच झाली होती.

तांडेल बराच वेळ ऐकत राहिले. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. मग त्यांनी मूठ तिच्या पुढे केली.

तिने कान लावला. आधी नुसती खरखर. मग लांबून आल्यासारखं, पण अगदी स्पष्ट: धप, धप. थोडा खंड. धप. पुन्हा धप, धप. खंड. धप.

"तिसरो ठोको उशिरा पडता," तांडेल म्हणाले. "माझो डावो खांदो निखळलो होतो मा, तेवापासून. आख्ख्या किनाऱ्यार दुसऱ्या कोणाचो असो पडत नाय."

बोयाच्या पोटातून काहीतरी खळखळलं. पाण्यावर तेलकट तवंग पसरला आणि वास आला, कुजक्या माशांच्या आतड्यांचा. तवंगाखालून एक करडी पाठ सरकली. तिच्यामागून दुसरी. घाई नव्हती त्यांना. जेवणाची घंटा झाली की पंगतीला येतात तशा त्या आल्या.

दीक्षिता शास्त्रज्ञ होती. याला काय म्हणतात ते तिला ठाऊक होतं: अभिसंधान, साध्या भाषेत सवय लावणं. एक आवाज करायचा आणि लगेच खायला घालायचं. काही आठवड्यांनी खाणं नसलं तरी आवाजावर जनावर येतं. थोरली पुळण सुरक्षित होती ती कड्यामुळे नव्हे. मोऱ्यांना शेजारी धाकट्या पुळणीवर रोज जेवायला बोलावलं जात होतं. तिच्या बापाच्या हाताने.

होडीच्या काठावर वाकून तिने ओकारी काढली. तांडेलांनी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. वल्हं सरळ केलं आणि होडी काठाकडे वळवली.

तिचे प्रबंधाचे मार्गदर्शक आणि आता नीलांतरचे प्रमुख शास्त्रज्ञ डॉ. श्रीरंग आगाशे यांची खोली थोरल्या पुळणीच्या टोकाला, नियंत्रण कक्षाच्या वर होती. समोर काचेतून संपूर्ण किनारा दिसायचा. आगाशे सर मृदू बोलायचे, कुणावर आवाज चढवायचे नाहीत. रापणीच्या मुलीला विद्यापीठात जागा मिळावी म्हणून त्यांनी तीन पत्रं लिहिली होती. तिच्या प्रबंधाच्या अर्पणपत्रिकेत आईच्या नावाखाली त्यांचं नाव होतं.

दीक्षिताने चिरलेलं कडं त्यांच्या टेबलावर ठेवलं.

"ऐकलं मी," ते म्हणाले. "फार वाईट झालं. बस आधी. पाणी घे."

"कडं चालत नाही, सर?"

"चालतं. पोट भरलेल्या शार्कवर चालतं. भुकेल्यावर नाही." त्यांनी ते सहज सांगितलं, विद्यार्थ्याची शंका सोडवावी तसं. "हे आम्हाला दुसऱ्याच चाचणीत कळलं. मग पर्याय दोनच होते. कडं गुंडाळून घरी जायचं, किंवा या किनाऱ्यावर भुकेला शार्क येणार नाही याची व्यवस्था करायची."

"त्यासाठी धाकटी पुळण?"

"कुठेतरी तर त्यांना न्यायलाच हवं होतं. आधीचे दोन हंगाम दुसरे आवाज करून पाहिले, ठोका यंदाच लावला. तुझ्या वडिलांच्या ठोक्याला जो प्रतिसाद आला तसा कशालाच आला नाही. तुझ्याच प्रबंधात आहे ते, चौथं प्रकरण. रापणीच्या ठोक्याशी या जातीने अन्नाचा संबंध आधीच जोडलेला दिसतो. सुंदर निरीक्षण होतं."

तिला ते वाक्य आठवलं. त्याच वाक्याखाली सरांनी लाल शाईने शाबास लिहिलं होतं, आणि ते पान तिने बाबांना दाखवायला घरी नेलं होतं.

"तिथे माणसं उभी असतात, सर. कमरेभर पाण्यात. माझी माणसं."

"रापण आठवड्यातून दोन-तीनदा, दोन-तीन तास. इथे रोज चारशे पर्यटक. संभाव्यतेचं गणित तुला मी सांगायला नको. शिवाय त्यांनाही कडी दिली होतीच आपण."

"जी चालत नाहीत हे तुम्हाला माहीत होतं!"

आगाशे सरांनी चष्मा काढून पुसला. पहिल्यांदाच ते तिच्या नजरेला नजर देत नव्हते.

"मला तुम्ही इथे का घेतलंत?" तिने विचारलं. "मुंबईत माझं काम चांगलं चाललं होतं. गावाला परत चल, तुझ्या लोकांना तुझी गरज आहे, असं म्हणाला होतात."

त्यांनी पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला.

"बोये टाकले तेव्हा गावाने एक शब्द विचारला नाही," तीच पुढे म्हणाली. "मी सांगितलं तापमान मोजणारे आहेत, त्यांनी मान डोलावली. कारण सांगणारी तांडेलाची मुलगी होती. त्यासाठीच ना?"

"दीक्षिता, हे बघ, कुणीतरी विश्वासातलं माणूस लागतंच अशा प्रकल्पाला..."

तेवढं पुरे होतं. तिला संताप आला, पण त्याहून जास्त लाज वाटली. इतकी वर्षं ती समजत होती की आपल्या बुद्धीला मान मिळाला. मान कसला? तिच्या गावाचा तिच्यावरचा भरवसा त्यांना हवा होता. तो त्यांनी तिच्याच हातून काढून घेतला.

ती दाराशी पोहोचली तेव्हा सर मागून म्हणाले, "एक लक्षात घे. बोये अचानक बंद केलेस तर ती सगळी जनावरं उपाशी राहतील. आणि उपाशी जनावर पाण्यात धपधप कुठे होतेय ते शोधत येतं. समोर बघ जरा."

तिने काचेतून पाहिलं. चारशे माणसं पाण्यात होती. उड्या मारत होती, हातांनी पाणी उडवत होती, आणि प्रत्येकाच्या पायात हिरवा दिवा होता.

जिना उतरताना तिने बाबांना फोन लावला. "बोये आत्ता बंद करू नकात, हात लावू नकात," ती म्हणाली. "आधी माका पुळण रिकामी करूक दिया."

जीवरक्षकाच्या मचाणावरचा भोंगा तिने हातात घेतला. "सगळ्यांनी पाण्याबाहेर या. आत्ता. कड्यावर भरवसा ठेवू नका. कडं शार्कला अडवत नाही."

काही जणांनी वळून पाहिलं. बरेचसे हसले. एका पोट सुटलेल्या गृहस्थांनी पाय वर करून दाखवला. "अहो मॅडम, हिरवा आहे की!"

"हिरवाच असतो तो!" ती ओरडली. "आज सकाळी माझ्या काकीचा पाय गेला, तेव्हाही हिरवाच होता!"

मग मात्र गर्दी हलली. बायकांनी मुलांची नावं घेऊन हाका मारायला सुरुवात केली, कुणी धावलं, कुणी पडलं. दीक्षिता पाण्याच्या काठाने धावत एकेकाला बाहेर ढकलत होती. तेवढ्यात तिच्या कानावर ते आलं. धप, धप. धप.

गुडघाभर पाण्यात ईरा एकटीच उभी होती. हातात प्लास्टिकचं फावडं. पाण्यावर आपटून थेंब किती उंच उडतात ते ती बघत होती. लहान मुलाचा हात, जमेल तसा पडणारा. बाकी काही नव्हतं त्यात. पण दीक्षिताला त्यात बाबांचाच ठोका ऐकू आला. मग ती चपलांसकट पाण्यात घुसली आणि मुलीला काखोटीला मारून कोरड्या वाळूपर्यंत धावली.

पाण्यात काहीही दिसलं नाही. समुद्र निळा, शांत होता.

शलाका धापा टाकत आली. लेकीला ओढून घेतलं, तिच्या पायातलं कडं उपसून काढलं आणि वाळूत फेकलं. मग दीक्षिताकडे पाहून म्हणाली, "सकाळी मी तुम्हाला विचारलं होतं. अगदी खरं सांगा म्हटलं होतं."

"मला वाटत होतं ते खरं आहे."

"तुम्हाला वाटत होतं?" शलाका म्हणाली. "मी तुमच्या वाटण्यावर माझी पोर पाण्यात सोडली होती?"

बाबांनाही दीक्षिताने असंच काहीसं सांगितलं होतं.

पुळण रिकामी झाल्यावर रापणीच्या होड्या निघाल्या. दोर कापून त्यांनी दोन बोये ओढत आणले, थोरल्या पुळणीवर सगळ्यांसमोर पालथे घातले आणि कोयत्याने फोडले. आतून ध्वनिवर्धक निघाला आणि सडलेल्या आतड्यांची पिंपं. पाहुण्यांनी नाकाला रुमाल लावून चित्रण केलं. रात्र व्हायच्या आत ते सगळीकडे पोहोचलं होतं. दुसऱ्या दिवशी दोन्ही पुळणी बंद झाल्या, चौकशी लागली, कंपनीच्या कार्यालयाला कुलूप पडलं. आगाशे सरांनी एका मुलाखतीत सांगितलं की, ध्वनीचा सगळा अभ्यास त्यांच्या एका गुणी विद्यार्थिनीचा होता. संमतिपत्रही त्यांनी दाखवलं. त्यावर दोन सह्या होत्या, बापाची आणि लेकीची.

दीक्षिता जिल्ह्याच्या रुग्णालयात गेली तेव्हा सुगंधाकाकी भिंतीकडे तोंड करून पडली होती. चादर एका बाजूला सपाट.

"काकी," ती म्हणाली.

"माका नको होता त्या कडा," काकी भिंतीकडे बघतच म्हणाली. "पायात टोचा. तू दिलंस म्हणान घातलंय गो." मग तशीच, मान न वळवता म्हणाली, "जेवलंस काय?"

तेव्हा मात्र दीक्षिता रडली.

अठरा दिवसांनी, सकाळी, ती खोपीच्या दाराशी उभी होती. जनार्दन तांडेल इतके दिवस तिच्याशी कामापुरतं बोलत होते. फळी आता पुन्हा थोरल्या पुळणीवर उभी होती. रंग उडालेली अक्षरं दीक्षिताने स्वतः गिरवली होती. रापण मात्र बंद होती. मोऱ्या ठोका विसरतील, असं तिने गावाला सांगितलं होतं. कधी, असं गावाने विचारलं. काही महिने, कदाचित काही वर्षं, ती म्हणाली. चार पिढ्यांचं वल्हं भिंतीला टेकून उभं राहिलं होतं.

आज तांडेलांनी ते उचललं. "चल," एवढंच म्हणाले.

होडी दोन्ही पुळणींच्या बाहेर, डोंगराच्या टोकापलीकडे आली. वारा पडलेला. तांडेलांनी पातं पाण्यात सोडलं, मूठ कानाला लावली. दीक्षिता त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. लहानपणी ती अशीच पाहायची आणि बाबा डोळे मिचकावून सांगायचे, ढोमे आले, करली आली.

त्यांनी डोळे मिचकावले नाहीत. मूठ तिच्याकडे दिली.

आधी तिला फक्त समुद्र ऐकू आला. कोळंबीची चटचट, कुठेतरी माशांची करकर. बोये नव्हते, शांतता होती. तिला जरा हायसं वाटलं. मग त्या शांततेच्या तळातून, फार फार लांबून, बोटाने नाडी लागावी इतकं पुसट:

धप, धप. थोडा खंड. धप.

तिने मूठ कानाशी घट्ट दाबली. पुन्हा तेच. तिसरा ठोका उशिरा.

"आपले बोये तर काढले," ती कुजबुजली.

"आपले काढले," तांडेल म्हणाले. "ह्यो दक्षिणेसून येता."

पाण्यात आवाज हवेच्या चौपट वेगाने जातो आणि जड आवाज मैलोन्‌मैल जातो. हे तिला पहिल्या वर्षी आगाशे सरांनी शिकवलं होतं. कंपनीच्या इथल्या कार्यालयाला कुलूप होतं. आवाजाला कोण कुलूप लावणार? तो एकदा उतरवून घेतला की किती ठिकाणी वाजवायचा याला मर्यादा नव्हती, आणि संमतिपत्रात कुठल्याच किनाऱ्याचं नाव नव्हतं. तिने तो कागद आता इतक्यांदा वाचला होता की तो तिला पाठ झाला होता.

तांडेल दक्षिणेकडे बघत होते. तिकडे एकामागे एक पुळणी होत्या, एकामागे एक गावं, आणि सकाळची वेळ रापणीची होती.

"थय आता कोणतरी दोर धरून कमरेभर पाण्यात उभा आसतला," ते म्हणाले. "माझो ठोको तेका म्हायत नाय. तुझी सही तेका म्हायत नाय." त्यांनी वल्हं पाण्यातून काढून तिच्या मांडीवर ठेवलं. अठरा दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं.

"तेंका कोण सांगतलो, गो बाय? आणि तू सांगलंस, तर ते तुझ्यार इश्वास ठेवतले?"